उघड्या हातांची सोडत

सरकारी लॉटरीच्या सोडतीचं यंत्र सुरू करायला सांगणं हे माझं काम. चेंडू एकेक करून तोलले जातात, काचेच्या पिंपात पडतात, मी पांढरे हातमोजे चढवते आणि म्हणते, "सुटू द्या." खालून वारा सुटतो, चेंडू उसळतात. इतकी वर्षं झाली तरी त्या क्षणी माझ्या अंगावर काटा येतो. पुढचा आकडा कोणता, हे जगात कुणालाच ठाऊक नसतं. मंत्र्याला नाही, यंत्र बनवणाऱ्याला नाही, आणि मला तर नाहीच.

मावशीला मात्र वाटायचं, मला सगळं ठाऊक असतं. आईच्या मागे तिनेच लोकांचे कपडे शिवून मला वाढवलं. त्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेले, तर शिलाई मशीन दाराशी आणून ठेवलेलं.

"विकतेय ते. उद्या न्यायला येतोय एकजण. फोनवरून मोठं तिकीट घ्यायचंय, तुमच्याच सोडतीचं," ती म्हणाली.

"आमची तिकिटं फोनवर मिळत नाहीत, मावशी."

"मला नको शिकवूस. हे बघ, परवाची सोडत. तूच आहेस ना ही?"

फोनवर खरंच मी होते. तोच आवाज, तेच "सुटू द्या". फक्त हात उघडे होते.

खऱ्या सोडतीआधी यंत्र नीट चालतंय ना हे बघायला आम्ही चाचणीची सोडत घेतो. तिचा आकडा बाद असतो आणि तिच्यात हातमोजे घालत नाहीत. लोकांचा विश्वास बसावा म्हणून तिची चित्रफीत आम्हीच आमच्या साइटवर टाकतो. फोनवर तिकिटं विकणाऱ्या या भामट्यांनी तीच उचलली. आकडा आधीच ठाऊक, मग तेवढा सोडून बाकीची तिकिटं विकायची आणि जुनी सोडत 'थेट' म्हणून दाखवायची. चोर असले तरी त्यांच्या डोक्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

"मग बंद करा की त्यांना. एवढी मोठी कचेरी तुमची," मावशी म्हणाली.

"सकाळी त्यांची साइट बंद केली, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत नव्या नावाने हजर. साइट एका देशात, माणसं दुसऱ्यात, पैसे तिसरीकडे. आमची नोटीस कुठल्या दारावर चिकटवायची?"

"कळलं. घरच्यांना जिंकू द्यायचं नाही असा नियम असेल तुमचा."

कपाळ माझं! तिला तशीच हाताला धरून सोडतीच्या दालनात घेऊन गेले. दुपारची सोडत होती. ती सगळ्यांना खुली असते, पण खुर्च्या नेहमी रिकाम्याच. मावशी पुढच्या रांगेत जाऊन बसली, गाल फुगवून.

मी हातमोजे चढवले. "सुटू द्या." चेंडू उसळले आणि मावशी खुर्चीतून अर्धी उठली.

"आत्ता कुणालाच माहीत नाही?" तिने मोठ्याने विचारलं.

"कुणालाच नाही."

"तुलासुद्धा?"

"मलासुद्धा नाही गं."

ती आ वासून बघत राहिली. चेंडू खाली आला तरी तिची नजर पिंपावरच होती. मग हळूच म्हणाली, "त्या फोनवरच्याला आधीच माहीत होतं. आणि मी तुझ्या तोंडाकडे बघून तिकिटं घेत राहिले." मला रडू आवरेना.

शिलाई मशीन विकलं गेलं नाही. मावशीने इमारतभर दवंडी पिटली, "हात बघा! उघडा असेल तर खोटं!" आमच्या नोटिशींनी झालं नव्हतं ते तिच्या जिभेने केलं. तिकडचं गिऱ्हाईक एकदम आटलं.

आठवड्याभरात तिचा फोन आला. आवाज पार बसलेला. "अगं, आता हातमोजे आहेत."

मी बघितलं. माझ्याच उघड्या हातांवर कुणीतरी संगणकावर हातमोजे चढवले होते, मनगटाजवळच्या सुरकुतीसकट. मी न घातलेले हातमोजे इतके खरे दिसत होते की मीच माझ्या हातांकडे बघत बसले.

"आता ओळखायचं कसं?" मावशीने विचारलं.

पुढच्या सोडतीला दालनात शिरले तर पहिली रांग भरलेली. मध्ये मावशी, दोन्ही बाजूंना तिच्या इमारतीतल्या बायका.

"तिकिटं काढलीत की काय सगळ्यांनी?" मी घाबरून विचारलं.

"छे! एकीनेही नाही," मावशी म्हणाली. "तू खरी आहेस का, ते बघायला आलोय. चल, सोड."

मी हातमोजे चढवले. मी तोंड उघडायच्या आत मावशीच म्हणाली, "सुटू द्या."