एकदाच खोटं बोललेला मीटर

मी बोलतोय, गाडीच्या स्टिअरिंगमागच्या काचेतला किलोमीटरचा मीटर. होय, तोच, ज्याच्याकडे लोक फक्त जुनी गाडी विकत घेताना डोळे बारीक करून बघतात! आधीच सांगून ठेवतो, मी जन्मात एकदाच खोटं बोललो. तेही माझा काडीचा दोष नसताना.

चार दातेरी चाकं, आकडे रंगवलेल्या चकत्या आणि शून्यावर आणायची एक खुंटी, एवढाच माझा संसार. गाडीचं चाक फिरलं की त्याचे फेरे मोजायचे आणि किलोमीटर करून दाखवायचे. रस्ता मला दिसत नाही, वळण कळत नाही.

गाडी काकूंची. त्या शाळेची बस चालवतात, त्यामुळे आवाज खणखणीत. काका घड्याळं दुरुस्त करतात, त्यामुळे बोलणं बेताचं. एकदा मी अडकलो तेव्हा गॅरेजवाला म्हणाला होता, "फेकून द्या, नवा बसवू." काकांनी मला घरी नेलं, डोळ्याला भिंग लावलं आणि दोन संध्याकाळी खपून चालतं केलं. तेव्हापासून मी काकांच्या पार्टीतला.

त्यांच्या मोटार क्लबची दरवर्षी खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर रॅली असते. शर्यत नव्हे हो! हातात एक कागद देतात, इतक्या किलोमीटरवर डावीकडे, इतक्यावर उजवीकडे. चेकपॉइंटला ठरल्या मिनिटाला पोचायचं. उशीर झाला तरी गुण कापतात, लवकर गेलात तरी कापतात. काकू चालवतात, काका वाट सांगतात. शेवटच्या नंबराला लाकडी गाढव मिळतं, आणि ते सलग तीन वर्षं आमच्याच घरी मुक्कामाला होतं.

यंदा निघतानाच काकूंनी बजावलं, "अहो, ऐका. हे गाढव पुन्हा घरी आलं ना, तर पुढच्या वर्षी तुमच्या जागी माझी बहीण बसेल. टपालखात्यात आहे ती, तिला रस्ते कळतात."

काका "बरं" म्हणाले. पण माझी खुंटी त्यांनी दोनदा उलट्याच बाजूला फिरवली. घड्याळाच्या केसाएवढ्या स्प्रिंगलाही न चुकणारी बोटं ती! मला फार वाईट वाटलं.

रॅलीचे पहिले दहा किलोमीटर मोजणीचे असतात. क्लबचे दहा आणि आपल्या मीटरचे दहा जुळतात का, ते तिथे ताडून बघायचं. पण त्या दहाही किलोमीटरभर काकू बोलत होत्या. चष्मा घेतला का, पेन्सिलीला टोक केलं का, मागच्या वेळी कसे नदीत नेत होतात! काका मान डोलावत राहिले आणि ताडून बघायचं राहूनच गेलं.

मोजणी संपली तशी काकांनी मला पुन्हा शून्यावर आणलं. कागदावर होतं, तिथून आठ किलोमीटरवर डावीकडे. मी आठ दाखवले. काका म्हणाले, "डावीकडे!" काकूंनी वळवली आणि गाडी थेट एका पोल्ट्रीच्या अंगणात. शेदोनशे कोंबड्यांनी एकच गिल्ला केला. एक तर बॉनेटवरच चढून बसली.

"झालं!" काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, फेका तो मीटर. डबडं आहे नुसतं!"

डबडं? मला? तोंड असतं तर मीही चार शब्द सुनावले असते.

"मीटर खोटं बोलणार नाही," काका म्हणाले. एवढ्या ठामपणे बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "माझ्या हातचा आहे तो. दुसरंच काहीतरी बदललंय."

काकूंनी खिडकीतून वाकून चाकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "टायर बदललेत मागच्या आठवड्यात. गॅरेजवाला म्हणाला, जरा मोठे टाका, खड्ड्यांत बरे पडतात."

"अगं, मग आधी नाही का सांगायचं!" काका चक्क हसले. "मोठं चाक तेवढ्याच रस्त्यात कमी फेरे घेतं. हा बिचारा फेरेच मोजतो!"

कोंबडी उतरवून गाडी मोठ्या रस्त्याला लागली. काकांनी किलोमीटरच्या दगडांशी मला ताडून पाहिलं. दगडांचे पाच झाले तेव्हा माझे पावणेपाच झाले होते. "वीसला एकोणीस," म्हणत त्यांनी अख्खा कागद पेन्सिलीने पुन्हा लिहून काढला. त्यानंतर एक वळण चुकलं असेल तर शपथ! उरलेल्या तिन्ही चेकपॉइंटना आम्ही अगदी मिनिटाला मिनिट पोचलो.

पण कोंबड्यांनी खाल्लेला वेळ काही भरून निघाला नाही. शेवटून दुसरा नंबर दोन गुणांनी हुकला. टाळ्यांच्या कडकडाटात गाढव परत आमच्याच मांडीवर.

घरी येताना काकांनी वळणांचा कागद घडी घालून ठेवून दिला. मग म्हणाले, "बहिणीला कळव तुझ्या, पुढच्या वर्षीचं."

"मघाशीच फोन केला," काकू म्हणाल्या. काकांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. "म्हटलं, यायचं तर ये, पण मागे बसायचं. कोंबड्या हाकलायला माणूस हवंच. आणि अहो, मोजणीच्या वेळी मी तोंड उघडलं तर सरळ गप्प बस म्हणा मला."

काकांनी पेन्सिल उचलली आणि नीट खिशात लावली. वाकून माझ्या काचेवरची धूळ रुमालाने पुसली.

ते गाढव आता माझ्याच डोक्यावर, डॅशबोर्डवर बसलंय. बसू दे बापडं. माझं एकच मागणं आहे. मला डबडं म्हणण्याआधी चाकांकडे एकदा बघत जा. आणि पुढच्या वर्षी खुंटी काकांनाच फिरवू द्या, त्यांचा हात मला ओळखीचा आहे.