रिठ्याचा वास

सायकलची चेन पडली की हात काळे होतात, हे बार्शीटाकळीच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग देवीदासचे हात स्वच्छ कसे? शकुनचं डोकं तिथंच अडलं होतं.

मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या त्या दिवसांत साऱ्या गावात सायकली सहा, त्यातली एक तिच्या नवऱ्याची. दर शुक्रवारी झेंडूची टोपली बांधून तो अकोल्याला जाई, अन् दर शुक्रवारी उशिरा येई.

"काहून उशीर झाला?"

"चेन पडली ना. हिवराच्या झाडापाशी खड्डा हाय."

नखं पाहावीत तर लख्ख! वरून हाताला रिठ्याचा वास. यांच्या घरात तर रिठा नव्हताच. म्हणजे कोणीतरी हात धुऊन देत होतं. कोण ती भवानी?

सासूला विचारायची सोय नव्हती. पार्बताबाईनं देवीदासला सहा वर्षांचा असताना दत्तक घेतलं, तेव्हा सख्ख्या मायच्या घरात पाऊल टाकणार नाही अशी बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावली होती. सहा वर्षांच्या लेकराला! अशी बाई सुनेचं काय ऐकणार, कपाळ!

शेवटी शकुननंच सायकल ढकलत खुशालराव मिस्त्रीकडं नेली. लोक बघत राहिले, बघोत. मिस्त्रीनं मागचं चाक ओढून चेन ताणली, दात्यांवर बसवली. शकुन नीट पाहत होती.

"आता पडली तं माह्या नावाचं कुत्रं पाळजा, बाई."

शुक्रवारी देवीदास आला. "पडली ना पुन्हा." अन् तोच रिठा! शकुनच्या अंगाचा तिळपापड झाला. भाकर तिनं ताटात आदळली. थांबा म्हणा, बिंगच फोडते तुमचं.

पुढच्या शुक्रवारी देवीदास अकोल्याहून परतायच्या आधीच ती शेजारच्या वामनरावांच्या बैलबंडीत बसून निघाली. हिवरापाशी उतरली अन् तुरीत लपली. समोर एकच झोपडी होती.

देवीदास आला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, अन् आपल्याच हातानं चेन काढली. ताणलेली चेन, बोटं काळी होईस्तोवर झटून काढली! बुडाला आपला संसार, तिला वाटलं.

झोपडीतून बाई बाहेर आली. एका हातात तांब्या, दुसऱ्यात रिठ्याची वाटी. केस पांढरे, पाठीत वाकलेली. देवीदास दारापासून चार हात लांब, रस्त्यावरच थांबला होता. ती त्याचं एकेक बोट चोळून धुऊ लागली. कुठंच घाई नाही.

"जेवली काय, माय?" देवीदासनं विचारलं.

"जेवली. घरात ये म्हनत नाही रे बापू, तुही शपथ मोडन."

शकुनला आपलीच लाज वाटली. रडू फुटलं. डोळे पुसत ती तुरीतून बाहेर आली, तसा देवीदास पांढराफटक पडला. सायकलीपाशी बसून तिनं चेन दात्यांवर चढवली. मनगटापर्यंत हात काळे झाले.

"आत्याबाई, माह्येबी हात धुऊन द्या," ती म्हणाली. "पन रस्त्यावर नाही. बेलभंडार यायनं उचलला, म्या नाही."

अन् ती सरळ उंबरठा ओलांडून आत गेली. म्हातारी तांब्या घेऊन तिच्यामागं धावली. देवीदास ओले हात तसेच पुढं धरून रस्त्यावर उभा होता.