मदरबोर्डावरचे अनोळखी पाहुणे

मी एक जुना मदरबोर्ड बोलतोय. संगणकाचं झाकण काढलं की आत जी हिरवी पाटी दिसते ना, ती मी. वय विचारू नका. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेले बहुतेक सगळे कधीच भंगारात गेले. माझी नोकरी मात्र अजून चालू आहे, आणि ती एका बाईमुळे. तिचं कौतुक केल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. ओळीने बसलेल्या मुलींनी माझ्या भोकांत एकेक सुटा भाग बसवला आणि मग मला वितळलेल्या सोल्डरवरून, म्हणजे ते भाग चिकटवणाऱ्या धातूवरून, सरकवलं. असा चटका बसला म्हणून सांगू! तिथून फिरत फिरत मी आलो तो जोडे बनवणाऱ्या काकांकडे.

काकांचे जोडे साधे नव्हेत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल आत वळलेलं, अशांसाठी ते जोडे करतात. लाकडाचा साचा कोरणारं त्यांचं यंत्र माझ्या हुकमावर चालतं. ते ज्या लांब खाचेत जोडलंय, तशी खाच नव्या मदरबोर्डांना नसतेच. म्हणजे मी आहे तोवर यंत्र, आणि यंत्र आहे तोवर काकांचं दुकान. याचा मला जरा माज होता, खोटं कशाला बोलू?

तो उतरला. माझ्या अंगावरची बॅटरी म्हातारपणी पाझरली आणि शेजारचे भाग हिरवे पडले. एक मेकॅनिक आला. कानाला फोन लावूनच त्याने मला घासलं, कुजलेला एक भाग काढून तसाच नवा बसवला आणि बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला. "ती कागद चिकटवलेली मोठी चिप गेली. आता मिळत नाही," असं सांगून स्वारी निघून गेली.

काकांनी मला टॉवेलात गुंडाळलं आणि बुधवारी सकाळी ताईंकडे आणलं. ताई म्हणजे जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाई. खिडकीजवळ टेबल, त्यावर भिंग, मीटर, आणि चष्मा कायम डोक्यावर. तो शोधण्यात त्यांचा निम्मा दिवस जातो.

"एवढं करा ताई," काका म्हणाले. "टपाल वाटणाऱ्या एक बाई आहेत. डावा पाय दोन बोटं आखूड. त्यांचे जोडे फाटलेत, तीन आठवडे खुर्चीवर बसून शिक्के मारतायत बिचाऱ्या. आणि शनिवारी भंगारवाला यंत्र न्यायला येतोय."

"त्याला आत्ताच कशाला हो म्हणालात?" ताईंनी विचारलं.

"रोज त्या बंद यंत्राचं तोंड बघवेना. यंत्र गेलं की दुकानही बंदच करणार." बोलता बोलता काकांचं नख त्या कागदाच्या कोपऱ्यात गेलं. "हीच ती चिप. वरचा कागद काढतो, नंबर वाचता येईल."

"हात काढा!" ताई अशा ओरडल्या की मीसुद्धा दचकलो. "त्या कागदाखाली काच असते, काका. तिच्यावर ऊन पडत राहिलं तर आतलं सगळं पुसलं जाईल. मग ती खरंच जाईल."

काकांनी दोन्ही हात मागे बांधले आणि संध्याकाळपर्यंत तसेच ठेवले.

ताईंसारखी कामाची रीत मी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी एका मोठ्या कागदावर माझं चित्र काढलं. ओळखीचा भाग दिसला की पुढे नाव लिहायच्या: हे घरचे. ओळख लागली नाही तर लिहायच्या: पाहुणा. आणि नियम असा, की ओळख झाल्याशिवाय पाहुण्याला जागेवरून उठवायचं नाही. त्याचे धातूचे पाय मोजायच्या, बाजूला छापलेलं अक्षर बघायच्या, मीटरची टोकं या पायावरून त्या पायावर ठेवायच्या. चंदेरी डबी निघाली ताल धरणारी. सहा पायांचा काळा ठोकळा कुणाच्याच ओळखीत बसेना. त्याच्यापुढे त्यांनी सरळ लिहिलं, "माहीत नाही. काम करतो." एवढ्या जाणत्या बाईने 'माहीत नाही' लिहिलं, तिथेच मी त्यांचा झालो.

गुरुवारी काका पुन्हा येऊन हात मागे बांधून उभे राहिले. दुपारी ताईंचं बोट फणीसारख्या एका भागावर थांबलं. नऊ पाय एका ओळीत. मेकॅनिकने नवा बसवलेला तोच.

"या पाहुण्याचा एक पाय बाकीच्या आठांना धरून आहे," ताई पुटपुटल्या. "त्या पायाच्या डोक्यावर ठिपका असतो." मग मला पालथं केलं. माझ्या पाठीवर त्या ओळीत सोल्डरचे आठ डाग गोल आणि एक चौकोनी. ठिपक्याचा पाय त्या चौकोनात हवा. तो होता दुसऱ्या टोकाला! त्यांनी माझ्या अंगावरचा त्याचा जुळा भाऊ शोधला. तो बरोबर बसलेला होता.

ताई खो खो हसत सुटल्या. "अहो काका, चिप धडधाकट आहे! हा उलटा बसवलाय फक्त!"

"मग नवीन काय आणू?"

"काही नको. हाच फिरवायचा."

इतके दिवस मी मरायला टेकलो होतो, ते एवढ्याशासाठी! आपल्याच पोटातलं आपल्याला कळत नाही, हे खरं. पायागणिक चटका देत ताईंनी नऊही पाय सोडवले, भाग फिरवला आणि पुन्हा बसवला. मग त्यांनी बटण दाबलं. मी सगळं बळ एकवटून एकदा "पीप" केलं. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. काका मागे बांधलेले हात सोडायचेही विसरले. डोळ्यांतलं पाणी तसंच ओघळू दिलं.

शनिवारी भंगारवाला हात हलवत परत गेला.

पुढच्या आठवड्यात टपालवाल्या बाई आल्या. नवे जोडे घालून दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. मला झाकणाआड दिसत नाही, ऐकू येतं. पूर्वी त्यांचं एक पाऊल जोरात पडायचं, एक घासत यायचं. त्या दिवशी दोन्हींचा आवाज सारखा आला. त्या परत फिरल्या, पुन्हा चालल्या. मग म्हणाल्या, "काका, पिशवी द्या माझी. आज वरच्या गल्लीपर्यंत जाऊन येते."

मी काही अमर नाही, ताईंनीही काकांना तसं स्पष्ट सांगितलंय. पण तुमच्या हाती कधी माझ्यासारखा कुणी आला, तर एवढं ऐका. ज्याचं नाव तुम्हाला येत नाही, तो बिघडलेला आहे असं लगेच धरून चालू नका. थोडा वेळ शेजारी बसा.

बरं, पुरे आता. काकांनी बटण दाबलंय, कुणाचा तरी पाय कोरायचाय.