तुसाच्या टोपलीतलं दुसरं अंडं

लाल कपड्याखालून आधी चिवचिव ऐकू आली. मग फूँकवाले बाबांनी कपडा झर्रकन ओढला, आणि भाताच्या कोमट तुसाच्या टोपलीत, फुटक्या कवचाशेजारी, ओलं पिल्लू धडपडताना दिसलं. दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या सोसायटीच्या हॉलमधली पन्नास-साठ माणसं ताडकन उभी राहिली. कुणी हात जोडले, कुणी मोबाइल उंच धरले.

"देखो माताओं! दुकान का मुर्दा अंडा!" बाबा गरजले. "न गर्मी, न धड़कन. जहाँ डॉक्टर की मशीन बंद, वहाँ बाबा की फूँक चालू!"

ते पांढरं अंडं खालच्या दुकानातून आणलं होतं वैजयंतीबाईंनी. चाळीस वर्षांत ज्यांच्या घरात अंडं शिरलं नाही, त्या बाईंनी ते पदराच्या टोकात धरून, तोंड फिरवून, बाबांच्या हाती दिलं होतं. दुकानातलं अंडं कोंबड्याविनाच घातलेलं असतं, त्यातून काही निघणं शक्य नसतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

तिसऱ्या रांगेत बसलेल्या पद्मजाताईंना मात्र ठाऊक होतं. एकतीस वर्षं त्यांनी दिल्लीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतरही बाल्कनीत थर्माकोलचं खोकं, आत दिवा आणि पाण्याची वाटी ठेवून त्या अंडी उबवत, आणि पिल्लं ओळखीच्या शेतावर पाठवत. सगळी सोसायटी त्यावरून त्यांची थट्टा करायची. पण आज त्यांचं लक्ष पिल्लाकडे नव्हतं. पहिल्या रांगेत वैजयंतीबाईंची सून स्वानंदी पोटावर हात ठेवून बसली होती, आणि तिचा चेहरा तापल्यासारखा लाल दिसत होता.

अकराव्या आठवड्यात तिच्या बाळाचे ठोके थांबले होते. दोन सोनोग्राफ्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पोट मोकळं करून घ्या, थांबलात तर संसर्ग होईल. बाबांनी सांगितलं होतं, रविवारपर्यंत थांबा, अंड्यात जीव घालतो तसा पोटातही घालतो.

पद्मजाताईंनी काय केलं नाही! वैजयंतीबाईंना समजावलं, तर त्या बोलायच्या बंद झाल्या. लिफ्टमध्ये त्यांच्या मुलाला, म्हणजे स्वानंदीच्या नवऱ्याला, परीक्षितला गाठलं. नोएडाच्या कंपनीत चाळीस माणसं हाताखाली असलेला तो मुलगा खाली बघत म्हणाला, "काकू, मला कळतं ना यार. पण आई ऐकत नाही, आणि स्वानंदीच नको म्हणतेय. जबरदस्ती कशी करू?"

आता मात्र त्या उठल्या, सरळ टोपलीपाशी गेल्या आणि बाबांनी "अरे अरे माताजी" म्हणेपर्यंत कोपरापर्यंत हात तुसात खुपसला. हात बाहेर आला तो एक अंडं घेऊन. पांढरंशुभ्र, आणि अजून गार.

"हे वैजयंतीबाईंचं अंडं," त्या हिंदीत ओरडून म्हणाल्या. "पिल्लाचं कवच बघा, तपकिरी आहे. ते अंडं एकवीस दिवस कुठेतरी उबवून, फुटायच्या बेतात आल्यावर आधीच टोपलीत ठेवलं होतं. कपड्याखाली फक्त अदलाबदल झाली!"

सगळे माना उंचावून टोपलीकडे बघू लागले. पद्मजाताईंना वाटलं, आपण जिंकलो.

बाबांनी शांतपणे ते अंडं त्यांच्या हातातून घेऊन कपाळाला लावलं. "एक माँगा था, दो मिले! जय हो!"

"जय हो!" हॉल दणाणला. कुणीतरी पद्मजाताईंना दंडाला धरून बाहेर काढलं. जिन्यात बसून त्या चक्क रडल्या. इतक्या वर्षांत शेकडो मुलांना शिकवलं, आणि हातात पुरावा असताना साठ माणसांना साधी गोष्ट दाखवता येऊ नये?

दुपारी पद्मजाताईंच्या घराचं दार वाजलं. स्वानंदी एकटीच आली होती.

"काकू, बाबा म्हणतात माझी श्रद्धा कमी पडतेय, म्हणून बाळ परत येत नाहीये. खरंच माझ्यामुळे का?"

पद्मजाताईंनी उठून पडदे ओढले, खोक्यातलं एक अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. कवच आतून उजळलं. बारीक लाल शिरा पसरल्या होत्या आणि मधला काळा ठिपका हलत होता. मग दुसरं धरलं. त्यात शिरा नव्हत्या. नुसतं एक लाल कडं होतं, अगदी निश्चल.

"हे चौथ्या-पाचव्या दिवशी थांबलं. दोघं एकाच खोक्यात, एकाच उबेत होती."

"मग हेच का थांबलं?"

"माहीत नाही गं. दर वेळी दोन-तीन थांबतात. बहुतेक वेळा घडणच मुळात चुकलेली असते. त्यात कुणाचा दोष नसतो. मी ऊब देऊ शकते, पण थांबलेलं चालू करणं मला येत नाही. कुणालाच येत नाही."

स्वानंदीने ते अंडं पुन्हा टॉर्चवर धरलं. "हे खोक्यात तसंच ठेवलं तर?"

"सडतं. मग फुटतं, आणि बाकीच्यांनाही धोका असतो."

स्वानंदीने अंगाभोवती ओढणी घट्ट गुंडाळली. "काकू, मला सकाळपासून थंडी वाजतेय."

अंगात एकशे दोन ताप होता. पद्मजाताईंनी टॅक्सी बोलावली, परीक्षितला फोन केला. लिफ्टच्या दाराशी वैजयंतीबाई अंगाऱ्याची पुडी घेऊन वाट अडवून उभ्या राहिल्या. "अगं, बाबांनी रविवारपर्यंत थांबायला सांगितलंय!"

"आई," स्वानंदी भिंतीला धरून म्हणाली, "टोपलीतलं अंडं बदलता येतं. माझ्या पोटातलं कसं बदलणार?"

वैजयंतीबाईंचा पुडी धरलेला हात खाली आला. त्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि सुनेला कमरेला धरून उभ्या राहिल्या.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात पोट मोकळं केलं, आणि स्वानंदी वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. बाळ मात्र गेलं ते गेलंच. त्याला बाबा परत आणू शकले नाहीत, तसं पद्मजाताईंचं विज्ञानही आणू शकलं नाही. पण विज्ञानाने ते तिला खरं सांगितलं, आणि दोष तिच्या माथी मारला नाही.

बाबांचा पुढचा कार्यक्रम इंदिरापुरमला आहे, असं ऐकतो. हॉल भरेलच. तिथे कुणी तुमच्या ओळखीचं जाणार असेल, तर त्याला एवढंच सांगा: हात जोडण्याआधी तो हात एकदा टोपलीत घालून बघ.