राहण्याजोगं

राहण्याजोग्या शहरांच्या कुठल्याशा यादीत पुण्याचा नंबर वर लागला, म्हणून निकेशच्या ऑफिसात केक कापला. निकेशने तुकडा खाल्ला, टाळ्याही वाजवल्या. संध्याकाळी कंपनीची बस नेहमीच्या चौकात अडकली ती सुटेचना. घरी पोचला तर सोसायटीत टँकर आलेला नव्हता आणि त्याची बायको हर्षा खरकटी भांडी एका बाजूला सारून बसली होती.

"सगळ्यात चांगल्या शहरात राहतो आपण, आणि समोरच्या दाराआड कोण राहतं ते मला माहीत नाही," तो म्हणाला. मग बऱ्याच दिवसांपासून मनात घोळत असलेलं त्याने बोलून टाकलं. नवीन वर्षात नोकरी सोडायची, भंडाऱ्याकडे आपल्या गावी, दिघोरीला परत जायचं. आईवडील तिथेच होते, धानाची शेती होती, एका मित्राबरोबर छोटी राईस मिल टाकता आली असती. हर्षाने ऐकून घेतलं आणि काहीच म्हटलं नाही. तो गप्पपणा त्याने होकारात धरला.

दिवाळीनंतर दिघोरीला मंडई होती, तेव्हा ते गेले. मंडई म्हणजे दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. निकेशच्या घरच्या ओट्यावरही सकाळपासून माणसं बसलेली. त्याचे वडील धनीराम सुपारी कातरत होते, शेजारी गोपीचंद गुरुजी. गुरुजींनी निकेशला चौथीपर्यंत शिकवलेलं.

निकेशने परत येण्याचं सांगितलं आणि विषय त्या यादीवर गेला. रस्ते, पाणी, वीज, दवाखाने, शाळा, बागा, अशा सगळ्यांचे मार्क धरून नंबर देतात, हे त्याने समजावून सांगितलं. पण माणूस सुखात आहे का, हे त्यात कुठे येतं, असं त्याचं म्हणणं होतं. बाबा एक सकाळ ओट्यावर दिसले नाहीत तर अर्धं गाव विचारायला येईल. पुण्यात तो आठवडाभर घराबाहेर पडला नाही तरी कुणाला पत्ता लागणार नाही. धनीरामांना हे ऐकून बरं वाटलं. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

गुरुजींनी मात्र मान हलवली नाही. मागच्या वर्षी त्यांच्या पत्नीच्या छातीत दुखायला लागलं होतं. ती वाचली, पण भंडाऱ्याला पोचेपर्यंतचा रस्ता गुरुजी विसरले नव्हते.

"दवाखाना घराजवळ असता तर मी आपल्या गावाले शंभरपैकी शंभर देल्ले असते," ते म्हणाले. "यादीवाले काही येडे नाहीत बाप्पा."

"पण गुरुजी, तेव्हा गाडी कोणी काढली? शेजारचा ईश्वरभाऊ मळणी सोडून धावला."

"धावला ना. तो नसता तर ते गेली असती. मी कुठं नाही म्हणून राहिलो?"

निकेशची आई सीताबाई चहाचा ट्रे घेऊन आली होती. सगळ्यांच्या हातात कप देऊन झाले तरी ती आत गेली नाही.

"बायकाइले विचारलं का कोणं?" तिने विचारलं. "यादीवाल्यानं नाही विचारलं, तं तुमीबी नाही विचारत. हर्षा, तूच सांग. तुले कोठं बरं वाटते?"

हर्षा दाराच्या चौकटीत उभी होती. तिला हे टाळायचं होतं. पण सासूने विचारलं होतं आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

"इथं मले कोणाचाच तरास नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "पण घराबाहेर पडाले कारण लागते. किराणा, देऊळ, नाहीतर कोणाकडे कार्यक्रम. कारण नसलं तं पाय बाहेर निघत नाही."

धनीरामांनी चहा फुंकला. गुरुजींनी नाटकाच्या मंडळींचा विषय काढला आणि बैठक पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी शेताकडे जाताना निकेश तिला बोललाच. हे पुण्यात का नाही सांगितलंस, चार लोकांत माझी काय राहिली?

"तुम्ही मला विचारलं नव्हतं," हर्षा म्हणाली. "सांगितलं होतं."

मग बांधावर थांबून तिने त्याला जे सांगितलं ते त्याला ठाऊकच नव्हतं. पुण्यात ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची, तेवढं त्याला माहीत होतं. पण काम सुटलं की घरी येण्याआधी ती जवळच्या बागेत एका बाकावर जाऊन बसायची. काही करायची नाही, कुणाशी बोलायची नाही. बपेऱ्याला माहेरी कोणाची तरी मुलगी होती, दिघोरीला कोणाची तरी सून. त्या बाकावर ती कुणीच नसायची.

"तिथं आपल्याला कोणी ओळखत नाही याचं तुम्हाला वाईट वाटतं. मला तेच बरं वाटतं."

निकेशला राग आला, आणि रागाच्या मागून भीतीही. इतकी वर्षं बरोबर राहून त्याने तो बाक कधी पाहिला नव्हता.

परत निघायच्या दिवशी सीताबाईने स्वतःची पिशवी भरून ओट्यावर आणून ठेवली. मीबी जाते काही दिवस, म्हणाली. घर कोण पाहील, असं धनीरामांनी विचारलं. तुमी आहा ना, एवढंच तिने उत्तर दिलं. आजवर ती नागपूरच्या पलीकडे गेली नव्हती, आणि नागपूरलाही लग्नं नाहीतर दवाखाना.

पुण्यात पहिले दिवस तिला जड गेले. बंद दाराची तिला सवय नव्हती. तिने एकदा अळूच्या वड्या केल्या आणि समोरच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेली. दार साखळीपुरतं उघडलं, वड्या आत गेल्या, दार लागलं. दोन दिवसांनी वॉचमन घासलेली रिकामी ताटली देऊन गेला. रिकामं भांडं परत आलेलं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती ताटली हातात धरून कितीतरी वेळ स्वयंपाकघरात उभी होती.

मग हर्षा तिला त्या बागेत घेऊन गेली. पुढे सीताबाई एकटीच जायला लागली. पदर खोचायची आणि निघायची. वाटेत कुणी विचारायचं नाही, की कुठं चालल्या. एकदा तिने गाडीवर भेळ घेऊन एकटीने उभ्याउभ्या खाल्ली आणि घरी येऊन हर्षाला ते चोरी केल्यासारखं सांगितलं. दोघी हसत सुटल्या. निकेश बाहेरच्या खोलीतून ऐकत होता. आईचं असं हसणं त्याला नवीन होतं.

ती परत निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने तिला विचारलंच. आता तूच सांग, कुठलं चांगलं?

सीताबाई साडीची घडी घालत होती. "तिथं कोणीबी घरात येते, पण मले बाहेर जाता येत नाही. इथं मी कुठंबी जाते, पण घरात कोणी येत नाही. मले तं दोनी पाह्यजे होतं रे," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "तुह्या बाबाले दोनी भेटते, त्याइले कधी यातलं काहीच वाटलं नसन."

निकेशने नोकरी सोडली नाही. मित्राला त्याने मिल सध्या नको म्हणून कळवलं आणि तो फोन ठेवल्यावर बराच वेळ उदास बसून राहिला. परत जायची ओढ गेली नव्हती. पण आता हर्षा आणि तो त्यावर खरोखर बोलायला लागले. भंडाऱ्यात किंवा नागपुरात लॅबचं काम मिळतं का, हे तिने आपणहून बघायला सुरुवात केली. ठरलं काहीच नाही. कधी शनिवारी तो तिला घ्यायला बागेशी जायचा. ती स्वतः उठून येईपर्यंत फाटकापाशी उभा राहायचा.

दिघोरीला सीताबाई रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, फिरायला जाऊ लागली. कुठं चालली, असं प्रत्येकाने विचारलं. कुठंच नाही, ती सांगायची. पुण्याचं वारं लागलं, म्हणून बायका हसल्या. मग शेजारची शकुनबाई बरोबर जायला लागली, आणि तिच्यामागून तिची जाऊ.

धनीरामांनी फोनवर तक्रार केली, की संध्याकाळचा चहा आता हातानेच करून घ्यावा लागतो, आणि बायको दिवे लागायच्या वेळेस घरी येते. निकेशने ऐकून घेतलं. पुढच्या फोनला तक्रार नव्हती. तिला बोलवायला ते पाळीवर गेले होते, आणि तिथेच बसून राहिले होते.

"तलावात यंदा लय पाखरं उतरली बाप्पा," ते म्हणाले. "मी कधी इकडे ध्यानच देल्लं नव्हतं."