अर्धा तास नवरा असला तरी चालेल

सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या ग्राहक मंडळाचं ‘ताजं पान’ हे पत्रक मी काढते. काढते म्हणजे लिहिते, तपासते, झेरॉक्स करून घरोघर वाटते आणि मग त्याच कागदावर लोकांना लसूण सोलताना बघते. महापालिकेच्या मराठी शाळेत मी जन्मभर व्याकरण शिकवलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची चूक ‘ताज्या पाना’त सापडायची नाही. वाचकही सापडत नाही, ती गोष्ट वेगळी.

मंडळाचं काम तसं साधं. कामरेजच्या भूपेंद्रभाईंचा टेम्पो रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलसमोर येतो. शेतातली भाजी घाऊक घ्यायची, निवडायची, तोलायची आणि घरोघरच्या पिशव्या भरायच्या. सगळ्यांनी मिळून, असं नियमात लिहिलंय. नियम मीच लिहिलेत, म्हणजे तेही कोणी वाचलेले नाहीत. गोण्या उतरवायला मी आणि चंचल. बाकीची मंडळी ऊन चढल्यावर पिशवी न्यायला येणार आणि कोथिंबीर कोमेजली म्हणून मलाच सुनावणार.

एका रविवारी भूपेंद्रभाईंनी हात टेकले. “बेन, टेम्पो बे कलाक ऊभो रहे, मने नथी पोसातुं.” दोन बायका गोण्या ओढत बसणार आणि त्यांचा टेम्पो दोन तास अडकून पडणार, हे त्यांना परवडत नव्हतं. पुढच्या रविवारी माणसं दिसली नाहीत तर तो शेवटचा फेरा, मग माल सरळ मार्केटला. मी मान डोलावली आणि घरी येऊन चक्क रडले. निवृत्तीनंतर माझ्या हातून उभी राहिलेली ही एकच गोष्ट होती.

मग डोळे पुसले आणि आवाहन लिहायला बसले. ‘श्रमदान : एक चिंतन’. दीड पान झालं, आणि चांगलं झालं.

चंचलनं ते उभ्या उभ्या वाचलं. चंचल म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या योगेंद्रची बायको. जन्म सुरतेतला, शाळा गुजराती, घरी अहिराणी, आणि माझ्याशी बोलताना मोठ्या प्रयत्नानं मराठी.

“बाई, हे कोणी नाही वाचणार,” ती म्हणाली. “चिंतन वगैरे काय? साधं बोलवा ना लोकांना. मी लिहू?”

“लिही की. छापून पण तूच आण. मी बघायचीसुद्धा नाही.”

रागाच्या भरात माणूस काहीबाही बोलतो. मी बोलले आणि तशीच वागलेही. गठ्ठा आला, वाटला गेला, मी ढुंकून पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी मंगलाबाईंचा फोन आला. मंगलाबाई मागच्या गल्लीत एकट्या राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये, तिकडेच बिऱ्हाड.

“ताई, मना घरमा तं कोनी नही,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “तुम्ही सोय करशात म्हने. पन या उमरमा?”

मला काही उमजेना. ‘ताजं पान’ शोधलं, चष्मा लावला आणि वाचलं:

‘रविवारी सकाळी सातला टेम्पो येणार. जे नवरा असतील त्यांनी हॉलवर यावं. घरी नवरा बसून काय फायदा? अर्धा तास नवरा असला तरी चालेल. ज्यांना नवरा नसेल त्यांनी फोन करावा, दुसरी सोय करू.’

खाली माझं नाव, माझा नंबर.

हाक मारल्याबरोबर चंचल वर आली. मी कागद तिच्या नाकासमोर धरला. “हे काय आहे?”

“काय आहे? नवरा म्हणजे रिकामा. काम नाही तो. सगळे तेच बोलतात ना!”

“गुजरातीत बोलतात! मराठीत नवरा म्हणजे योगेंद्र!”

“त्याला आम्ही घरी दाल्ला म्हणतो,” ती निरागसपणे म्हणाली. मग एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला आणि तिनं पदरानं तोंड झाकलं. “अगं बाई! मी तुम्हाला रोज सांगते, आत्ता मी नवरी नाही म्हणून...”

“मला वाटायचं लग्न जुनं झालं म्हणून सांगतेस.”

ती हसून हसून लोळायची तेवढी बाकी होती. मला हसू येत नव्हतं. माझ्या नावावर असलं मराठी! मी ग्रुपवर टाकायला शुद्धिपत्रक लिहू लागले, तेवढ्यात सोसायटीतल्या शालिग्रामभाऊंच्या बायकोचा, प्रमिलाबाईंचा फोन.

“बाई, फार चांगलं केलंत,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “आमच्या ह्यांना पाठवते. अर्धा तास कशाला, दिवसभर ठेवून घ्या.”

मग आणखी एक फोन. मग आणखी. चंचलनं हळूच माझा मोबाइल खाली दाबला. “बाई, नका पाठवू ते शुद्ध का काय. लोकांनी वाचलंय.”

वाचलंय! इतकी वर्षं मी ज्या शब्दाला आसुसले होते तो असा, चुलीतून काढलेल्या कांद्यासारखा, काळाठिक्कर होऊन हातात आला. पण आला होता. मी शुद्धिपत्रक पुसून टाकलं.

रविवारी सातच्या आत हॉलसमोर नवरेच नवरे. कोणी लुंगीवर, कोणी दाढी अर्धी करून. काहींना बायका कोपऱ्यापर्यंत सोडायला आल्या होत्या आणि ते परत फिरत नाहीत ना हे बघत उभ्या होत्या. माझे यजमान मुकुंदराव तेवढे दिसेनात. गोण्या उतरायला लागल्यावर ते निवांत आले.

“उशीर का?” मी विचारलं.

“पेपर वाचत होतो. नवरा नव्हतो,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. सुरतेतल्या बँकेत तीस वर्षं गुजराती ऐकलेला माणूस.

टेम्पो बघता बघता रिकामा झाला. इतकी रिकामी माणसं बघून भूपेंद्रभाई थक्क. “आजे तो बधा नवरा छे ने!”

“आमचेच आहेत,” प्रमिलाबाई कोपऱ्यावरून ओरडल्या.

भूपेंद्रभाई खूश होते, पण व्यवहार सोडणारे नव्हते. टेम्पो येईल, म्हणाले, पण दर रविवारी ह्या सगळ्यांना कामाला लावणारं एक माणूस मला पक्कं हवं. नाहीतर पुढच्या वेळी परत तुम्ही दोघीच. ऐकल्याबरोबर सगळे नवरे आपापल्या चपला निरखू लागले.

“मी करसू,” मागून आवाज आला. मंगलाबाई. डोक्यावरून पदर, हातात रिकामी पिशवी. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोणाला कळलंच नव्हतं.

शालिग्रामभाऊ हसले. “अक्का, इतके पुरुष तुमचं ऐकतील का?”

“मना एक व्हता, तो जलमभर ऐकना नही,” मंगलाबाईंनी पदर कमरेला खोचला. “आते तुमना सगळासकडतून वसूल करसू. चाला, ती गोनी उचला.”

शालिग्रामभाऊंनी गोणी उचलली.