नवसाबाई गाडीत बसत नाहीत

गोटीरामची गाडी पहिल्यांदा आमच्या कॉलनीत आली तेव्हा ती वळवायला अकरा मिनिटं लागली आणि सोनवण्यांच्या कुंपणाचा एक खांब खर्ची पडला. गाडी परदेशी कंपनीची, काळी, डिझेलवर चालणारी आणि आमच्या स्वयंपाकघरापेक्षा थोडी मोठी. कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांनी विजेवरची गाडी घेतली आणि ही गोटीरामला विकली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. या वयात नोटिशीला उत्तर लिहायचा कंटाळा येतो.

गोटीरामचा मळा मखमलाबादच्या बाजूला. मेथी, शेपू, कोथिंबीर, कडेनं थोडा झेंडू. तो माझा जुना मित्र; त्याच्या दोन्ही मुलांना मी गणित शिकवलं, तरी मैत्री टिकली. गाडी आल्यावर त्यानं डिकीत ताडपत्री अंथरली आणि त्याच्या बायकोची, नवसाबाईंची, भाजी एसीतून बाजारात जाऊ लागली. पुढच्या सीटवर नवसाबाई, मांडीवर तराजू. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक आधी गाडीकडे बघायचे, मग तराजूकडे, मग पुन्हा सिग्नलकडे.

गोटीरामला त्या गाडीत सगळ्यात काय आवडायचं, तर ओढ.

"सर, नुसता पाय टेकवायचा. बैल उधळल्यागत निघती. आन आवाज? आवाज नाय."

त्यानं जन्मात बैल उधळू दिला नव्हता. गाडीच्या बाबतीत मात्र तो तरुण झाला होता, आणि हे वय साठीनंतर आलं की ते उतरत नाही.

मग कंपनीचं पत्र आलं. इंग्रजी पत्र म्हणून गोटीरामनं मला बोलावून घेतलं. मळ्यात पडवीत बसून मी ते वाचलं. पुढे जे झालं त्याला मी जबाबदार आहे, हे आधीच सांगून टाकतो. पत्रात साधंच होतं: या मॉडेलच्या गाड्या ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त घातक वायू सोडतात, त्यामागे इंजिनाच्या सॉफ्टवेअरचा दोष आहे, गाडी सर्व्हिस सेंटरला आणा, काम मोफत करून देऊ. एवढंच सांगून मला थांबता आलं असतं, त्या दोषाची आतली गोष्ट पेपरात वाचली होती ती पोटात ठेवून. पण पस्तीस वर्षं फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस उदाहरण दिल्याशिवाय थांबत नाही.

"गोटीराम," मी म्हणालो, "तुझी गाडी परीक्षेत कॉपी करते."

"म्हंजी?"

"तिला कळतं, आपली तपासणी चाललीय. भरारी पथक दारात आलं की वर्ग कसा माना खाली घालून बसतो, तशी ती तेवढा वेळ शहाण्यासारखी वागते. पथक गेलं, गाडी रस्त्यावर आली, की मग हवं ते सोडते."

गोटीराम खो खो हसला. मीही हसलो. नवसाबाई शेजारी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्या हसल्या नाहीत.

"म्हंजी वरून हिरवी आन आतून पिवळी," त्या म्हणाल्या.

इथे जुडीविषयी थोडं सांगायला हवं. बाजारात जुडी बांधायची एक पद्धत आहे. बाहेरून कोवळी, ताजी काडी लावायची आणि पोटात कालची भरायची. सगळेच तसं करत नाहीत, पण गिऱ्हाईक सगळ्यांचीच जुडी सोडून बघतं. नवसाबाईंची सोडत नाही. चाळीस वर्षांत कोणी सोडलेली नाही. शेजारी बसणारी धोंडाबाई म्हणायची, "हिच्या जुडीवर सरकारी शिक्का हाय." या मानावर नवसाबाई उभ्या होत्या, आणि त्या मानाखाली आता ही काळी गाडी उभी होती.

"ती दुरुस्त व्हईस्तोवर मी तिच्यात बसणार नाय," त्यांनी सांगितलं आणि पुढची जुडी घेतली.

दुसऱ्या दिवशी त्या धोंडाबाईबरोबर छोट्या टेम्पोतून बाजारात गेल्या. मागोमाग गोटीरामची गाडी, आत भाजी, एसी चालू, पुढची सीट रिकामी. धोंडाबाईनं पूर्ण रस्ताभर वळून वळून बघितलं.

"काय गं नवसे, रणगाडा पंक्चर झाला का?"

"नाय. लबाड निघाला."

पुढच्या आठवड्यात गोटीराम मला घेऊन सर्व्हिस सेंटरला गेला. तिथं एवढी थंडी होती की मी स्वेटर आणायला हवा होता. साक्षी नावाची मुलगी समोर आली. तिनं आम्हाला पाणी दिलं, कॉफी दिली आणि मग गाडीची माहिती दिली. गोटीरामनं तिला एकच प्रश्न विचारला.

"ताई, ओढ कमी व्हती का?"

साक्षीनं खोटं बोलायला हवं होतं. तिच्या जागी कोणीही बोललं असतं. पण ती म्हणाली, "थोडासा फरक जाणवू शकतो, काका. सगळ्यांना जाणवत नाही."

"मला जाणवंल," गोटीराम म्हणाला. मग जरा थांबून तिला उगाचच सांगितलं, "घरची मानसं गाडीत बसत नायत, म्हणून आलतो."

तो उठला, किल्ली घेतली आणि गाडी मागच्या मागे दारातून बाहेर काढली. मी अर्धी कॉफी टाकून धावत गेलो.

तिथून आम्ही पाथर्डी फाट्याजवळच्या वॉशिंग सेंटरला गेलो. गाडी आतून-बाहेरून धुतली. टायरना काळं लावलं. आत मोगऱ्याच्या वासाची बाटली लटकवली. गोटीराम माझ्याकडे बघत नव्हता, त्यावरून मला समजलं. मळ्यावर पोचल्यावर त्यानं हॉर्न दिला आणि बायकोला सांगितलं, "झालं काम."

मी गप्प बसलो. आयुष्यभर परीक्षेच्या हॉलमध्ये मुलांच्या बाह्या तपासलेला माणूस मी. गप्प बसलो.

नवसाबाईंनी घरातून धुतलेलं पांढरं फडकं आणलं. गाडी चालू करायला लावली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी फडकं धरून शंभरपर्यंत अंक मोजले. फडकं पांढरंच राहिलं. ते आधीही राहिलं असतं. काजळी अडवायला या गाडीत जाळी असते, आणि कंपनीनं ज्या वायूविषयी पत्र पाठवलं तो डोळ्यांना दिसत नाही. हे मला पत्र वाचल्यापासून ठाऊक होतं. गोटीरामला नव्हतं. पांढरं फडकं बघून त्याला क्षणभर वाटलं असावं की नुसत्या धुण्यानंच काम झालं.

"सुधारली," नवसाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. गोटीरामनं मान फिरवली.

रविवारी देवळ्याला जायचं होतं. त्यांची मुलगी शुभांगी तिथं दिलेली; जावई कांद्याचे व्यापारी. नातवाचं जावळ होतं. मामा म्हणून त्यांचा मुलगा ललित पुण्याहून परस्पर येणार होता. मागच्या सीटवर मी, माझ्या एका बाजूला पेढ्यांचे डबे आणि दुसऱ्या बाजूला बाळाचा पाळणा. पुढे नवसाबाई, नवं लुगडं नेसून.

वडाळीभोईपर्यंत सगळं छान चाललं होतं. फार हळू चाललं होतं. गोटीराम गाडी अशी चालवत होता की तिला गुदगुल्या होऊ नयेत.

"बघा," नवसाबाई म्हणाल्या, "कशी गुणाची चालती आता. आधी नुस्ती हुंदडायची. व्हय की नाय हो सर?"

"फरक आहे," मी म्हणालो. फरक होताच. चालवणाऱ्यात होता.

भावडबारीचा घाट लागला. मागून एक पिकअप आला, कांद्याच्या गोण्यांनी टपापर्यंत भरलेला, एका बाजूला कललेला. त्यानं हॉर्न दिला. गोटीरामचा पाय दाबायला निघाला, मधेच थांबला आणि परत सैल झाला. पिकअप धापा टाकत आमच्या पुढे गेला. वर बसलेल्या हमालानं आमच्या गाडीकडे दयेनं पाहिलं. गोटीरामची मानेमागची कातडी लाल झालेली मला मागून दिसत होती. बिचारा दुरुस्तीचं सगळं दुःख भोगत होता आणि दुरुस्ती झालेली नव्हती.

"जाऊ द्या त्याला," नवसाबाई मायेनं म्हणाल्या. "तुमी माझ्यासाठी एवढं केलं. मला वाटलं नवतं तुमी कराल."

गोटीरामनं तोंड उघडलं. तो काय बोलणार होता ते मला अजून माहीत नाही, कारण त्याच वेळी गाडीच्या पडद्यावर फोन वाजला आणि त्याच्या हातून घाबरून बटण दाबलं गेलं. गाडीत बारा स्पीकर आहेत. बाराही बोलू लागले.

"नमस्कार काका, साक्षी बोलतेय, सर्व्हिस सेंटरमधून. तुमचं रिकॉलचं काम अजून पेंडिंग दाखवतंय. त्या दिवशी तुम्ही तसेच निघून गेलात ना. घरचे बसत नाहीत म्हणाला होतात, म्हणून मी मुद्दाम सोमवारचा पहिला स्लॉट तुमच्यासाठी ठेवलाय. चालेल ना, काका? काका?"

काकांनी फोन बंद केला. मोगऱ्याची बाटली हलत होती.

"थांबवा," नवसाबाई म्हणाल्या.

गाडी थांबली. त्या उतरल्या, पदर खोचला आणि मागच्या काचेपाशी आल्या.

"सर, तुमाला ठाव होतं?"

"हो, वहिनी."

त्यांनी मान हलवली, वहीत काट मारावी तशी. मागून काळीपिवळी जीप आली. दोन माणसं आधीच दाराला लटकलेली. नवसाबाईंनी हात केला, आत कुठेतरी जागा झाली आणि त्या गेल्या. आम्ही मागे. जीप सबंध घाटभर काळाकुट्ट धूर सोडत होती, एवढा की काही वेळ आम्हाला जीपच दिसत नव्हती.

देवळ्याला पोचल्यावर गोटीरामला तेवढाच एक मुद्दा सापडला होता. मांडवाच्या कडेला तो बायकोला म्हणाला, "त्या जीपचा धूर बघितला का? आन माझ्या गाडीला नावं ठेवती."

"ती सोडती तो दिसतो तरी," नवसाबाई म्हणाल्या आणि नातवाला घ्यायला आत गेल्या.

नातू मामाच्या मांडीवर बसून पोटभर रडला. गोटीराम एका खुर्चीवर बसला होता. त्याचाही चेहरा तसाच होता, पण त्याला पेढा कोणी भरवला नाही. संध्याकाळी नवसाबाई ललितच्या गाडीतून नाशिकला परतल्या. आम्ही दोघं त्या बारा स्पीकरांसह.

सोमवारी सकाळी मी मळ्यावर गेलो तेव्हा गोटीराम निघून गेला होता. मला न घेता. नवसाबाई घरात होत्या. त्यांनी मला चहा दिला, साखर बरोबर घातली आणि जुड्या बांधायला बसल्या. पत्र आलं तेव्हा त्यांनी गाडीला लबाड म्हटलं होतं. आता कोणालाच काही म्हणत नव्हत्या. चहा मला लवकर संपवावासा वाटला.

संध्याकाळच्या बाजारात मी मुद्दाम गेलो, भाजी घ्यायची म्हणून. धोंडाबाईचा शेपू, शेजारी नवसाबाईंची मेथी. दिवे लागायच्या सुमारास काळी गाडी आली. बाजारात गाडी लावायला जागा नसते, म्हणून ती रस्त्यातच उभी राहिली आणि मागे सहा रिक्षा बोंबलू लागल्या. गोटीराम उतरला. केस विस्कटलेले, सदरा चुरगळलेला. तो दोन बायांच्या मधे येऊन उभा राहिला.

"झालं," तो म्हणाला.

नवसाबाई एका गिऱ्हाइकाला जुडी देत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

गोटीरामनं धोंडाबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मागच्या रिक्षांकडे. मग आवाज चढवून म्हणाला, "मागल्या येळंला मी खोटं बोललो. नुसती धुऊन आनली व्हती. आज खरं करून आनलं. सकाळी नवापासून तिथं बसलोय. हा कागद. त्या पोरीचा फोन लावून देऊ का?"

बाजार शांत झाला नाही. बाजार होत नाही. पण धोंडाबाई शांत झाली, आणि हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

नवसाबाईंनी कागद घेतला. इंग्रजी होता. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवला.

"ओढ?"

"कमी झाली," गोटीराम म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "मला वाटती कमी झाली. ती पोरगी म्हनती, तसं काय नाय. पन मला वाटती."

"लय?"

"लय नाय. हे एवढी." त्यानं बोटाच्या पेरानं दाखवलं. साठीचा माणूस, आणि पेर दाखवताना त्याचे डोळे भरून आले होते.

नवसाबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "सकाळपासून तिथं व्हता. जेवलात का?"

"कापी दिली त्यांनी. तीन येळा."

"कापीनं काय व्हतंय," त्या म्हणाल्या आणि उठल्या. उरलेल्या सात-आठ जुड्या धोंडाबाईच्या पुढ्यात सरकवल्या. "इकून टाक गं. घरी जाऊन भाकरी टाकायची हाय." मग तराजू उचलला, साडी झटकली आणि रिक्षावाल्यांच्या शिव्यांमधून, घाई न करता, गाडीच्या पुढच्या दाराशी गेल्या. गोटीराम धावत गेला आणि दार उघडून उभा राहिला. हे त्यानं लग्नात केलं होतं की नाही मला माहीत नाही. नवसाबाई बसल्या. तराजू मांडीवर घेतला.

मीही दोन पावलं पुढे झालो. माझं घर वाटेवरच आहे.

पुढची काच खाली आली.

"सर," नवसाबाई म्हणाल्या, "तुमचं मागनं बघू."

काच वर गेली. गाडी निघाली, माझ्या नजरेला तरी आधीसारखीच, आणि मी त्या सहा रिक्षांपैकी एकीला हात केला.